हॉल तिकिटाच्या पाठीवर

तलाठी भरतीच्या हॉल तिकिटाची मागची बाजू कोरी असते.
तिथे मी लिहिलं:
ओला शिंगाडा, चाळीस किलो.
सोलून, वाळवून, दळून किती उरतो?
आणि प्रश्नचिन्हाला पेनाने गोल केला.

पुढच्या बाजूला मी आहे,
कान दिसावेत म्हणून केस मागे ओढलेली.
केंद्र हिंगणा रोड, हजेरी सकाळी साडेसात,
म्हणजे आदल्या दिवशीची लाखांदूरहून एसटी
आणि मावशीच्या स्वयंपाकघरात अंथरूण.
दोन मार्कांनी राहिले.
दोन मार्क केवढे असतात ते
मी आजवर कुणाला दाखवू शकले नाही.

बी.एस्सी., प्राणिशास्त्र, प्रथम श्रेणी.
बेडकाचं हृदय मला अजून अख्खं काढता येतं.
तालुक्यात कुणाला नको आहे.

हेमलता चाकणला गेली.
एका खोलीत सहा जणी, पाळीपाळीने झोपतात.
फोनवर म्हणाली, गादी कधी थंडच होत नाही गं.
निकेश पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावतो,
सोळाशे मीटर, मोबाइलच्या उजेडात.
डिसेंबरात त्याचं वय संपतं.
पायात दम आहे म्हणतो, जन्मतारखेत नाही.

बाबा डोंग्यातून उतरता उतरता बोलले,
"बारा वर्साचा होतो तवापासून इकतो शिंगाडे.
त्याले कालेज कायले लागते?"
"तुमी उकडून इकता, स्टँडवर, सांजेलोक.
उरलं तं डुकराले.
मी पीठ इकीन. पीठ थांबते."
ते बोटात रुतलेला काटा काढत होते,
माझ्या डिसेक्शन बॉक्समधल्या चिमट्याने.
"पाह्य बापा," म्हणाले. "उरलं तं घे."

प्रकल्प अहवाल गोटेफोडेच्या कॉम्प्युटरवर झाला,
पाचशे रुपये, बारा पानं, स्पायरल बाइंडिंग.
बँकेत साहेबांनी पान चार मोठ्याने वाचलं:
"आमच्या शिंगाड्याचा मंद सुगंध
देवघरात दिवसभर दरवळेल."
आधीच्या गिऱ्हाइकाची अगरबत्ती होती ती,
गोटेफोडेने नुसतं नाव बदललं होतं.
शिपाई हसला. मीही हसले.
एसटीत खिडकीशी बसल्यावर मात्र
तोंड कुठे ठेवावं ते कळेना.

मग हाताने लिहिला. दोन पानं.
साहेब, तलाव मालगुजारी आहे, संस्थेच्या लीजवर.
तारण द्यायला आमच्याकडे पाणी आहे,
आणि तेही आमचं नाही.
हे वाक्य खोडलं.
पुन्हा लिहिलं.

चाळीस किलोंचे साडेसहा झाले.
त्याआधी दोन दिवस ढग, एक पोतं बुरशीला.
त्याआधी गिरणीत कुणाची तरी मिरची दळलेली,
आणि मी घाईत म्हटलं, चालते.
साकोलीच्या किराणावाल्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं,
डोळे पुसले, पाणी मागितलं.
"ताई, हे खाऊन एकादशी मोडन लोकायची."

गिरणीची वेळ आता पहाटेची, सगळ्यांच्या आधी.
निकेश धावत जातो तेव्हा मी डोक्यावर पोतं घेऊन असते.
तो हात वर करतो. मला करता येत नाही.

पुन्हा जाहिरात आली आहे.
शेवटची तारीख बावीस, फी हजार.
हजारात गोटेफोडेचा मेव्हणा
पाकीट बंद करायची जुनी मशीन देतो.
आई म्हणते, फॉर्म भर.
आई हेही म्हणते, पाकिटावर नाव काय टाकशील?
बावीसला अजून नऊ दिवस आहेत.

काल संध्याकाळी तलावाच्या पाळीवर
बाबांनी ढिगाचे दोन वाटे केले
आणि माझ्याकडे न पाहता विचारलं,
"तुह्या पिठाले किती ठेवू?"

आकडा मला पाठ होता.
तरी मी कागद काढला,
उलटला,
आणि त्यावर बघून सांगितला.